केटीच्या घराचा विमा

प्लॅनो, टेक्सास

प्रिय मित्रा,

ह्यूस्टनजवळच्या केटीत घर घेतोयस हे ऐकून फार आनंद झाला. पण 'इन्शुरन्सचं लोनवालेच बघतील' म्हणालास, तेव्हा पोटात गोळा आला. त्यांना त्यांच्या कर्जाची काळजी, तुझ्या संसाराची नाही.

माझंच सांगतो. तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये गारांचा मारा झाला आणि छप्पर गेलं. खर्चाचा अंदाज १४,००० डॉलर. पॉलिसीवर लिहिलं होतं, वारा-गारांसाठी डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आपण आधी सोसायचा वाटा, २ टक्के. मी धरून चाललो, नुकसानीच्या दोन टक्के, म्हणजे २८०. पण ते दोन टक्के घराच्या विमारकमेवर असतात रे! माझा विमा चार लाखांचा, म्हणजे पहिले ८,००० माझेच. त्यात छपराची भरपाई घसारा वजा करून. जुन्या छपराचे धरले ७,०००. सातांतून माझे आठ वजा केल्यावर उरणार काय? हाती काहीच आलं नाही. त्या रात्री आम्ही दोघं स्वयंपाकघरात नुसते बसून होतो.

म्हणून कोटेशन आलं की टक्क्यांचे डॉलर करून बघ. छपराला 'रिप्लेसमेंट कॉस्ट', म्हणजे घसारा न कापता नव्या छपराचा खर्च, आहे ना, हे लेखी घे. हप्ता थोडा वाढेल, वाढू दे. आणि 'डिडक्टिबल आम्ही माफ करतो' म्हणणारा छपरवाला दारात आला, तर त्याला वाटेला लाव. २०१९पासून टेक्सासमध्ये ते बेकायदा आहे.

पुराचं तर वेगळंच. नेहमीच्या पॉलिसीत पूर येतच नाही. २०१७च्या हार्वे चक्रीवादळात ह्यूस्टनकडच्या कितीतरी लोकांना हे पाणी घरात शिरल्यावर कळलं. सरकारी पूरविमा घरासाठी अडीच लाखांपर्यंत, सामानासाठी एक लाखापर्यंत मिळतो. पण आज काढला तर साधारण तीस दिवसांनी लागू होतो. घर खरेदीच्या वेळी कर्जासाठी घेतला, तर ही वाट बघावी लागत नाही. तेव्हा क्लोजिंगला, म्हणजे घर नावावर होताना, घे.

वहिनींच्या पाटल्या, आईंचा चपलाहार घरातच असेल ना? बहुतेक पॉलिसींत चोरीला गेलेल्या दागिन्यांचे जेमतेम १,५०० डॉलर मिळतात. त्यांची स्वतंत्र नोंद करून घे.

सही करण्याआधी डेक्लरेशनचं पान, म्हणजे पॉलिसीतल्या रकमा नि अटींचा गोषवारा, मला पाठव. रविवारी फोनवर ओळ न् ओळ वाचू.

तुझाच,
होस्टेलचा रूममेट