मेंदूत अचानक काही घडले नाही

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतील लेखात ‘सुमारे ५०,००० वर्षांपूर्वी माणसाच्या मेंदूत अचानक बदल झाला आणि कला जन्माला आली’ असे ठामपणे म्हटले आहे. हा तर्क एके काळी जोरात होता. आज तो सिद्ध गोष्टीसारखा छापणे बरे नव्हे.

दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बॉस गुहेत गेरूच्या तुकड्यांवर कोरलेल्या आडव्यातिडव्या रेषा सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीच्या आहेत. तिथेच रंग बनवण्याचा सरंजामही सापडला, तोही सुमारे एक लाख वर्षांपूर्वीचा: गेरू कुटायचे दगड, कोळसा, तापवून फोडलेली हाडे आणि मिश्रण ठेवायला मोठे शिंपले. एवढ्या पायऱ्यांची कृती कोणा एकाला एका दिवसात सुचत नाही. ती पाहून, शिकून, थोडी भर घालून पुढे जाते.

मग अशी कसबे मधेच दिसतात आणि मधेच लुप्त का होतात? बरेच संशोधक याचे उत्तर लोकसंख्येत शोधतात. शिकणारे पुरेसे असले आणि टोळ्यांचे एकमेकींकडे जाणे-येणे राहिले, तर कसब टिकते. हिमयुगानंतर समुद्र चढला, टास्मानिया ऑस्ट्रेलियापासून तुटला आणि पुढे काही हजार वर्षांत तिथली हाडांची हत्यारे दिसेनाशी झाली. (या उदाहरणावर वाद आहे, काहींच्या मते तिथल्या लोकांना त्यांची गरजच उरली नाही.) पण म्हणून त्यांचा मेंदू लहान झाला असे थोडेच आहे? आपल्या तांबट आळीतले ठोके कमी झाले, ते काय कारागिरांची अक्कल आटली म्हणून?

लेखातले सगळे पुरावे परदेशातले, हेही खटकले. शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे एस. ए. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याचे नक्षी कोरलेले कवच मिळाले. वय सुमारे २५,००० वर्षे. होय, तेव्हा आपल्याकडे शहामृग होते! नाशिकजवळच्या गंगापूरची दगडी हत्यारे याहून कितीतरी जुनी, आणि त्यांच्याविषयी नाशिककर निदान ऐकून तरी असतात. पाटण्याचे नाव मात्र मी शिकवलेल्या मुलांपैकी क्वचितच कोणाला ठाऊक असे.

तेव्हा ५०,००० वर्षांच्या विधानाचा खुलासा द्यावा आणि जमल्यास त्यासोबत पाटण्याच्या कवचाचे छायाचित्रही छापावे, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, पंचवटी, नाशिक