विहिरीवरची ड्युटी

काप दापोली

प्रिय बाय,

सप्रेम जयभीम.

परवा तू फोनवर विचारलंस आणि मी "आवाज येत नाहीये" म्हणून फोन ठेवला. आवाज येत होता. तुझ्या आयनेही ते ओळखलं, रात्रभर माझ्याशी धड बोलली नाही. म्हणून हे पत्र. आय फोटो काढून पाठवेल, अक्षर लावून घे.

तुझ्या वॉर्डातली ती सिस्टर श्रीलंकेतल्या जाफन्याची. 87 साली सहा वर्षांची होती. तुझे वडील इंडियन आर्मीत, मग आमच्याकडे आले होते का, असं तिने विचारलं म्हणालीस. आलो होतो.

तिथे तमिळ लोक आणि सिंहली सरकार यांची यादवी 1983 पासून पेटलेली. 29 जुलै 1987 ला राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला. वाघांनी, म्हणजे एलटीटीईच्या तमिळ बंडखोरांनी, हत्यारं खाली ठेवायची, आपल्या फौजेने मध्ये उभं राहायचं. आमच्या आधी गेलेले सांगत, लोकांनी गळ्यात हार घातले. मग सप्टेंबरात थिलीपन नावाच्या वाघांच्या एका पोराने नल्लूरच्या देवळापाशी उपास धरला, पाणीसुद्धा घेतलं नाही, आणि 26 तारखेला गेला. नऊ दिवसांनी पकडलेल्या वाघांतल्या बारा जणांनी सायनाईड खाऊन जीव दिला. ऑक्टोबरात ज्यांची राखण करायला गेलो त्यांच्याच घरांची दारं आम्ही लाथेने उघडत होतो.

मी बाविशीचा शिपाई. विमान पलालीला उतरलं आणि खाली पाय ठेवल्यावर वाटलं, अरे, हे तर आपलंच. तांबडी माती, घराभोवती झापांची कुंपणं, वाळत घातलेल्या मासळीचा वास. विहिरीवर आपल्याकडच्यासारखीच पाणी काढायची लाट, आडवा वासा, एका टोकाला पोहरा, दुसऱ्याला दगड. फक्त माडांच्या जागी बहुतेक ताड, आणि पाऊस भलत्याच वेळी, ऐन दिवाळीत. आपल्याकडे तेव्हा भात झोडून होतं, तिकडे खंदकात घोटाभर पाणी.

कॅम्प एका शाळेत होता. फळ्यावर तमिळमध्ये बेरजा लिहिलेल्या, त्या आम्ही कोणीच पुसल्या नाहीत, कोणी सांगितलं नव्हतं तरी. बाकं दाराशी रचून आडोसा केला. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन सज्ज उभं राहायचं, मग लंगरचा चहा, मग रोड ओपनिंग. हे रोड ओपनिंग मला अजून झोपेत दिसतं. पुढे दोघे, नजर जमिनीवर, वायर शोधायची. सुरुंग रस्त्याखाली पुरलेला आणि वायरचं दुसरं टोक लांब केळीत नाहीतर तंबाखूच्या शेतात, हातात धरून बसलेला एखादा पोरगा. त्यांच्याकडे एके-47, आमच्याकडे एसएलआर रायफल, लांब आणि जड, गल्लीत वळवताना भिंतीला लागायची. गोळी ताडावरून आली की कौलांतून, कळायचं नाही. शेवटी आम्ही कुत्र्यांकडे बघायला शिकलो. गल्लीतली कुत्री एकदम गप्प झाली की सगळे आडवे.

घरी मात्र पत्रात "मजेत आहे, शक्करपारे खाऊन जाड झालो" एवढंच. पत्ता फौजी टपालाचा, 56 एपीओ, त्यामुळे माझ्या आयला मी नक्की कुठे आहे तेही कळत नसे. ती हर्णैच्या बाजारात कोणा फौजीची बायको भेटली की विचारायची.

25 नोव्हेंबरला आमच्याच रेजिमेंटचे, 8 महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन गेले. रात्री शोधमोहिमेवरून परतताना दबा धरून हल्ला झाला, समोरासमोर झुंज झाली. छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी मारणाऱ्याचीच रायफल हिसकावून त्याला पाडलं. परमवीर चक्र मिळालं. जन्म मुंबईचा, घरात तमिळ बोलणारा माणूस, महार रेजिमेंटचा अधिकारी, आणि मारला गेला तमिळ पोरांच्या हातून. यादवी म्हणजे काय हे मला कोणी विचारलं की मला हेच आठवतं.

पण तुला सांगायचंय ते वेगळंच. त्यात कोणी मेलं नाही.

शेजारच्या वाडीत एका विहिरीत हत्यारं सापडली होती. म्हणून हुकूम आला, आमच्या हद्दीतल्या विहिरी तपासून होईपर्यंत कोणी जवळ येता कामा नये. कर्फ्यू होताच. सकाळी सातला मला एका विहिरीवर उभा केला. तासाभराने एक म्हातारी आली, काखेत ॲल्युमिनियमची कळशी, बोटाला सहा-सात वर्षांची मुलगी. म्हातारी म्हणाली, "तण्णी." पाणी. तमिळमधले मला दोनच शब्द येत होते, त्यातला हा एक. दुसरा होता "पो". जा. मी म्हटलं, "पो."

ती गेली नाही. कुंपणाच्या सावलीत बसली. मुलगी मधूनमधून उठायची, दोन पावलं पुढे यायची आणि माझ्या बंदुकीकडे बघून मागे जायची. दहा वाजले, बारा वाजले. माझी बाटली माझ्या कमरेला होती. तहान लागली, पण त्यांच्यासमोर पिणं जमेना, आणि त्यांना द्यावी हेही सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं. हुकूम मोडला तर पाठीमागून सुभेदार बघेल याची भीती होती. इतकंच.

माझा आजा 20 मार्च 1927 ला महाडला होता. चालत गेला होता इथून. दरवर्षी त्या तारखेला आम्हा पोरांना समोर बसवून सांगायचा: बाबासाहेब चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले, ओंजळ भरली, मग सगळ्यांनी भरली. आणि नंतर सनातन्यांनी तळं बाटलं म्हणून 108 घागरी पाणी काढून, त्यात शेण-गोमूत्र कालवून, परत तळ्यात ओतलं. घागरींचा आकडा सांगताना आजा थांबायचा. त्याचा नातू परमुलखात विहिरीवर बंदूक घेऊन उभा, आणि एका बाईला पाणी शेंदू देत नाही. हे त्या वेळी मनात आलं असं म्हणणार नाही. तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि पाय दुखत होते. ते आलं कितीतरी वर्षांनी, तू पाचवीत असताना महाडच्या सहलीला गेलीस त्या दिवशी.

दुपारी तीनला विहीर तपासून झाली. आत काही नव्हतं. मला वाटलं, आपण भरून द्यावं. रायफल खांद्याला अडकवली, लाट ओढली, पोहरा वर घेतला, तिची कळशी काठोकाठ भरून तिच्यासमोर ठेवली. तिने कळशी उचलली, सगळं पाणी मातीत ओतलं, एकदा खळबळून घेतली आणि मग स्वतः शेंदलं. राग होता, की शिपायाने काही कालवलं असेल ही भीती, की आणखी काही, मला माहीत नाही. जातपात तिकडेही कडक, पण माझी जात तिला कुठून कळणार. वर्दी तेवढी दिसत होती. मुलगी वाकून कळशीतलंच प्यायली, डोळे माझ्यावर ठेवून.

24 मार्च 1990 ला आपली शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. मद्रासला स्वागत झालं, पण मुख्यमंत्री आले नाहीत. आपले अकराशेहून जास्त जवान तिथे गेले. त्यांचे किती गेले हे आम्ही मोजलं नाही.

ती पोरगी तुझी सिस्टर नसणारच, जाफना काही एवढंसं नाही. तिने जेवायला बोलावलंय तर जा. आयने आमसुलं आणि कुळथाचं पीठ बांधून ठेवलंय, पुढच्या महिन्यात येणाऱ्या मुलाबरोबर देतो. हे तिला सांगायचं की नाही ते तू ठरव. तिला मराठी येत नाही, म्हणजे तुझ्या तोंडूनच जाईल. सांगितलंस तर तो "पो" तसाच ठेव. तमिळमध्ये थोरामोठ्यांना असं एकेरी बोलत नाहीत, हे मला नंतर कळलं. तू तो सौम्य करून सांगू नकोस.

तुझा,
बाबा