लाज वाटली, पण नेमकी कुठली?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला म्हणून साहेबांना ‘आय ॲम अशेम्ड’ असं लिहू का, विचारतोस. नको रे! वाचणाऱ्याला वाटेल, पैसे खाल्लेस की काय.

आपलं ‘लाज वाटते’ एवढ्यावर भागतं. चारचौघांत गाणं म्हणायची लाज, फजितीची लाज, खोटं बोलल्याची लाज, सगळं एकाच पोत्यात. इंग्रजीत पहिली ‘शाय’, दुसरी ‘एम्बॅरस्ड’, तिसरी ‘अशेम्ड’. एम्बॅरस्ड व्हायला बहुतेक वेळा प्रेक्षक लागतात, निदान मनातले तरी. जिन्यात घसरलास आणि कुणी पाहिलं नाही, तर कपडे झटकून निघशील. पाहिलं, की एम्बॅरस्ड. मित्राचा विश्वास मोडलास तर मात्र दार लावून एकटा बसलास तरी अशेम्डच. त्याला गुन्हाच लागतो असंही नाही. गरिबीची किंवा स्वतःच्या उच्चारांची लाज त्यातच येते, आणि ती मला सगळ्यांत वाईट वाटते, कारण तिथे माणसाचं काही चुकलेलंच नसतं.

‘गिल्टी’ आणखी वेगळं. हेलन ब्लॉक लुईस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1971 मध्ये हा भेद मांडला: गिल्टमध्ये लक्ष कृत्यावर असतं, शेममध्ये स्वतःवर. ‘मी वाईट वागलो’ आणि ‘मीच वाईट’, असं म्हण. पहिल्यात भरपाई करता येते, दुसऱ्यात तोंड लपवावंसं वाटतं.

एम्बॅरस हा शब्द फ्रेंचमधून आला, मुळात अडथळा आणणं या अर्थाचा. म्हणून ‘फायनान्शियली एम्बॅरस्ड’ म्हणजे पैशांची लाज नव्हे, पैशांची चणचण. आपलं ‘अवघडणं’ त्याच्या बरंच जवळचं. ‘मॉर्टिफाइड’च्या मुळाशी लॅटिनमधला मृत्यू आहे, म्हणजे आपलं मेल्याहून मेलं. ‘लूज फेस’, म्हणजे चारचौघांत नाक कापलं जाणं, हे तर इंग्रजांचं स्वतःचं नाहीच. चिनी वाक्प्रचाराचं एकोणिसाव्या शतकातलं भाषांतर. ओशाळलेल्याला ‘शीपिश’ म्हणतात, मेंढरासारखा. बिचाऱ्या मेंढराने काय केलंय कोण जाणे. आणि तुझ्या भाच्याच्या तोंडी सारखं असतं ते ‘क्रिंज’ म्हणजे दुसऱ्याची फजिती पाहून आपल्यालाच होणारं कसंनुसं.

फसशील ते ‘व्हॉट अ शेम’ला. कुणाचा कार्यक्रम रद्द झाल्यावर तसं म्हणाले, तर त्यात लाज काढणं नसतं, नुसतं ‘अरेरे’ असतं. ‘शेम ऑन यू’ मात्र खरीखुरी लाज काढणं. तसंच ‘शेमलेस’ ही शिवी, पण ‘अनअशेम्ड’ बहुधा कौतुक: कसलाही संकोच न बाळगणारा.

लाजेने लालबुंद होण्यावर डार्विनने 1872 मध्ये अख्खं प्रकरण लिहिलं. सगळ्या हावभावांत हाच सर्वांत मानवी, असं त्याचं मत. दुसरे आपल्याबद्दल काय विचार करत असतील या विचारानेच चेहरा लाल होतो, असं तो म्हणतो. तेव्हा साहेबांपुढे तुझा चेहरा लाल होतो यात नवल नाही, पण ते कागदावर कशाला उतरवतोस?

उशिरासाठी साधं ‘सॉरी फॉर द डिले’ लिही. अगदीच राहवत नसेल तर ‘अ बिट एम्बॅरस्ड’ चालेल. ‘मॉर्टिफाइड’ला हात लावू नकोस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. आणि पत्र धाडण्याआधी मसुदा मला दाखव.

तुझाच,
मित्र