पासंग

बारेंड्रेख्त, नेदरलँड्स
रविवार दुपार

प्रिय बाबा आणि आई,

प्रभूमध्ये सलाम.

एवढं जाडजूड पाकीट बघून आई घाबरेल, म्हणून आधीच सांगतो. तब्येत ठणठणीत आहे, नोकरी शाबूत आहे, आणि खिडकीतल्या कुंडीत मेथी उगवली आहे. पत्र लिहायचं कारण एवढंच की फोनवर हा विषय निघाला की बाबा "थांब, आईला देतो" म्हणतात आणि आई म्हणते कुकर लागलाय. पत्र मध्येच कट करता येत नाही.

धाकट्याच्या स्थळाबद्दलच बोलायचं आहे. पण त्याआधी माझं एक सांगतो, ते ऐकल्याशिवाय पुढचं वाचू नका.

इथे साधारण जानेवारीपासून एप्रिलपर्यंत आपल्या नाशिकच्या द्राक्षांचा हंगाम असतो. न्हावा शेव्याहून कंटेनर निघतात. तांबड्या समुद्रातली भानगड सुरू झाल्यापासून बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून आली, म्हणजे फळ आठवडा-दोन आठवडे जास्त पाण्यावर. रॉटरडॅमला उतरलं की माल आमच्या कोल्ड स्टोअरमध्ये येतो आणि माझं काम सुरू होतं. पेटी उघडायची, घड उचलून देठ हिरवा आहे की तपकिरी पडलाय ते बघायचं, पेटीच्या तळाशी मणीगळ किती झाली ते बघायचं, दोन-चार मणी चिरडून रिफ्रॅक्टोमीटरवर गोडी मोजायची. आणि थर्मामीटरची सुई मण्यात खुपसून गराचं तापमान लिहायचं. ते शून्याच्या आसपास असावं लागतं. हातमोजे घालून हे काम होत नाही आणि काढले की पाच मिनिटांत बोटं आपली राहत नाहीत.

फेब्रुवारीतली एक संध्याकाळ. शेवटचा कंटेनर, वीस पॅलेट, म्हणजे पेट्यांच्या वीस थप्प्या. दाराजवळचे चार मोजले, साडेतीन अंशांच्या आसपास आले. उरलेले सोळा मी मोजलेच नाहीत. बसल्या जागी आकडे भरले. कुठे तीन पूर्णांक चार, कुठे तीन पूर्णांक सहा, मध्येच एक तीन पूर्णांक नऊ, म्हणजे खरे वाटावेत. खोटं लिहितानासुद्धा किती मन लावून काम केलं बघा! मग धावत जाऊन बस पकडली. त्या दिवशी बुधवार होता. बसमधून उतरून थेट चर्चच्या प्रार्थनासभेला गेलो आणि तिथे चांगली मोठ्याने प्रार्थना केली.

आता, दार उघडलं की दाराकडचा माल आधी तापतो, हे मला ठाऊक आहे. पण कागदावर मी अख्खा कंटेनर तापलेला दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळी निर्यातदाराला मेल गेलेला दिसला: माल गरम आला, भाव कमी करा. ही कपात त्या निर्यातदाराच्या खिशातून जात नाही, बाबा. ती घरंगळत घरंगळत बागेपर्यंत जाते. अपेडाच्या, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या, ग्रेपनेट नोंदींमुळे प्रत्येक पेटीमागे बागेचा नोंदणी क्रमांक असतो, त्यामुळे फळ कुठल्या बागेतलं ते सापडतं. रोज शेकडो पेट्यांवरचे आकडे बघतो, कधी वाचत नाही. त्या दिवशी वाचला. निफाडकडचा की दिंडोरीकडचा कोण असेल, रात्री जागून भुरीवर फवारण्या केलेल्या असतील, आणि मी त्याच्या वर्षाला एका बससाठी धक्का दिला.

जाऊन सोळाही पॅलेट मोजले. बहुतेक सगळे एका अंशाच्या आत.

साहेबांना सांगितलं. हा गृहस्थ देव मानत नाही, चर्चची पायरी चढत नाही, आणि त्याला प्रकाश मिळावा म्हणून मी गेलं वर्षभर प्रार्थना करतोय. त्याने माझ्यासमोर निर्यातदाराला मेल लिहिला. तांत्रिक चूक वगैरे काही म्हटलं नाही. आमच्या माणसाने मोजमाप केलं नव्हतं, कपात मागे घेत आहोत, क्षमस्व. मग मला लेखी ताकीद दिली. सही करताना मनात आलं, आपल्या दोघांत आज प्रकाश कोणाकडे आहे?

बाबा, सही करून बाहेर आलो आणि तुमचं काटे-वजनं दुरुस्तीचं बाकडं आठवलं. संत सावता माळी मंडईच्या मागच्या गल्लीतलं, तेलाच्या डब्यांच्या आणि कोबीच्या पानांच्या वासातलं. तुम्ही म्हणायचात, ज्या सावतोबाला आपला विठ्ठल मळ्यातच भेटला त्याला जे कळलं, ते आपल्या मंडळीतल्या निम्म्या लोकांना अजून कळायचंय. पाळकसाहेबांना हे वाक्य आवडायचं नाही. मला आवडायचं.

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. एक दुकानदार लोखंडी किलो घेऊन आला होता. वजनाच्या पोटातल्या भोकात शिसं असतं आणि त्या शिशावर सरकारी शिक्का असतो, हे मला तुम्हीच दाखवलं होतं. त्याने खालच्या आवाजात सांगितलं, थोडं शिसं काढा, शिक्क्याचं मी बघतो. तुम्ही वजन उलटं केलंत, बघितलंत, आणि काही न बोलता त्याच्याच पिशवीत परत ठेवलंत. त्याच्या ओळखीची आणखी चार दुकानं तुटली. त्या जूनमध्ये आमची फी उशिरा भरली, आणि आईने डब्यांची गिऱ्हाइकं वाढवली. आई, तुझं नाव त्या गोष्टीत कधीच येत नाही. बाबांचा प्रामाणिकपणा मंडळीत साक्ष म्हणून सांगितला जायचा, आणि पहाटे चारला उठून वाढीव वीस डब्यांच्या पोळ्या तू लाटायचीस. हे एकदा लिहून ठेवायचं होतं.

बायबलच्या अनुवाद या पुस्तकात आहे ना, थैलीत लहान आणि मोठं अशी दोन वजनं ठेवू नयेत, ते मला संडेस्कूलमध्ये पाठ करावं लागलं नाही. ते तुमच्या बाकड्यावर बघितलं होतं. आणि तरी मी सोळा पॅलेट सोडले. म्हणजे बघून येत नाही सगळं.

इथल्या चर्चमध्ये माझ्या बाकावर एक निवृत्त शाळामास्तर बसतात. त्यांना ही हकिकत सांगितली. ते हसले आणि म्हणाले, अब्राहम कायपर वाच. हे कायपर म्हणजे इथले मोठं प्रस्थ. पाळक, वर्तमानपत्राचे संपादक, आणि 1901 ते 1905 देशाचे पंतप्रधान. 1880 मध्ये ॲम्स्टरडॅमला त्यांनी विद्यापीठ काढलं, त्या दिवशीच्या भाषणात ते म्हणाले की माणसाच्या आयुष्यात वीतभरही जागा अशी नाही की जिच्याकडे बोट दाखवून ख्रिस्त "ही माझी" म्हणत नाही. शाळा, बाजार, कचेरी, स्वयंपाकघर, सगळं आलं त्यात. मला वाटलं, हे तर आमच्या बाबांचं बाकडं!

पण मास्तर अर्धी गोष्ट सांगून थांबणाऱ्यातले नाहीत. कायपरनंतर इथे काय झालं, तर ज्याची त्याची शाळा, ज्याचं त्याचं वर्तमानपत्र, ज्याची त्याची कामगार संघटना. प्रॉटेस्टंटांचा रेडिओ वेगळा, कॅथलिकांचा वेगळा. शेळ्या पाळणाऱ्यांचीही कॅथलिक संघटना निराळी, अशी लोक अजून थट्टा करतात. श्रद्धा सगळीकडे न्यायची म्हणता म्हणता कुंपण सगळीकडे नेलं. आपल्या मुंबईच्या सोसायट्या आठवल्या, ज्यात खोली देण्याआधी आडनाव विचारतात.

आणि दक्षिण आफ्रिका. तिथल्या डच वस्तीकारांच्या चर्चमध्ये नियमाने गोरे-काळे एकाच मेजावर प्रभुभोजन घेत. मग काही गोऱ्यांना ते जड जायला लागलं. 1857 च्या त्यांच्या सभेने ठरवलं की शास्त्राप्रमाणे एकत्रच बसणं योग्य, पण काहींच्या दुर्बलतेमुळे वेगळं बसवायला हरकत नाही. "काहींच्या दुर्बलतेमुळे", बाबा! बघा किती नम्र शब्द आहेत. 1881 मध्ये त्यातून "रंगीत", म्हणजे मिश्र वंशाच्या, लोकांचं वेगळं चर्चच झालं, पुढे तेच वेगळेपण देशाचा कायदा झालं, आणि त्याला आधार म्हणून कायपरचे विचारही वापरले गेले. बाजूला बसवलेल्या त्याच चर्चने 1982 मध्ये बेलहार इथे स्वतःचा विश्वास नव्याने लिहून काढला आणि 1986 मध्ये तो स्वीकारला. त्यात सांगितलं की मंडळीची एकी ही सवडीने पाळायची गोष्ट नाही. मधली वर्षं मोजा. एक पोटवाक्य निस्तरायला एवढा काळ लागला.

आता धाकट्याचं.

मुलगी परळला नर्स आहे, रात्रपाळ्या करून स्वतःच्या धाकट्या भावाला शिकवते, मंडळीत वाढलेली आहे, आणि धाकट्याला आवडते. हे सगळं तुम्हीच मला सांगितलंत. मग म्हणालात, "पण त्यांचं मूळ…" आणि पुढचा शब्द उच्चारलाही नाहीत. व्हिडिओवर नुसता हात हलवलात, पाण्यावरची माशी हाकलावी तसा. मग म्हणालात, मला काही नाही रे, मंडळीत लोक काय म्हणतील.

मी त्या हाताकडे बघत राहिलो. तोच हात, ज्याने वजन पिशवीत परत ठेवलं होतं.

काटा कसा तपासायचा हे तुम्ही मला शिकवलं होतं. माल घालून तपासतो तो गिऱ्हाईक, कारागीर आधी रिकामा तपासतो. दोन्ही पारडी रिकामी ठेवून दांडी कुठे झुकते ते बघायचं. झुकली तर पारडं उलटं करायचं, खाली चिंचेचा गोळा चिकटवलेला सापडतोच. आणि दांडी सरळ दिसली तरी विश्वास ठेवायचा नाही. माल आणि वजन यांची पारडी अदलाबदल करायची. तेव्हाही काटा मध्ये राहिला तरच तो खरा.

मग करू या अदलाबदल. समजा तिच्या वडिलांनी आपलं मूळ विचारलं, तर काय सांगणार? तुमची आजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. 1897 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून ज्या मुली आणल्या, त्यातली ती एक. पाच-सहा वर्षांची होती, आईबाप वाटेत गेले, गाव सांगता येईना, आणि जात तर तिची तिलाच ठाऊक नव्हती. नाव मिशनने ठेवलं. ती तिथे हातमागावर बसायला शिकली, वाचायला शिकली आणि नगरच्या एका मिशन-मास्तराने तिच्याशी लग्न केलं. त्याने मूळ विचारलं असतं तर तुम्ही नसतात, मी नसतो, आणि ज्याच्यासाठी आपण मूळ शोधतोय तो धाकटाही नसता.

मंडळीच्या बोलण्याची भीती मला कळते. ख्रिस्ताचा शिष्य पेत्र, त्यालाही होती. अंत्युखियात तो परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्यांबरोबर, खुशाल जेवत होता, यरुशलेमेहून याकोबाकडचे लोक आले तशी त्याने पाठ वळवली. पौलाने त्याला सगळ्यांदेखत विचारलं. मी पौल नाही, आणि तुम्हाला सगळ्यांदेखत विचारायची माझी छाती नाही, म्हणून हे पाकीट. शिवाय सोळा पॅलेटवाला माणूस कोणाला काय विचारणार! पण त्या दिवशी मी मागे फिरून मोजायला गेलो, ते तुमच्यामुळे गेलो. म्हणून तुम्हालाच लिहितोय.

एवढंच करा. तिला आणि तिच्या आईवडिलांना एका रविवारी उपासनेनंतर घरी जेवायला बोलवा. लग्नाचं काही ठरवू नका. आईच्या हातचं मटण, भाकरी, आणि खालच्या बेकरीतले पाव मागवू नका, ते शिळे असतात. तुमच्या आजीचा तो मुक्तीतला फोटो कपाटावरच्या ट्रंकेत आहे, काच तडकलेला. तो काढून भिंतीवर लावा. तिने विचारलं तर सांगा कोण ते. नाही विचारलं तरी सांगा.

हे पत्र धाकट्याला देऊ नका. मी त्याच्याशी यातलं काही बोललेलो नाही. तुम्ही दोघांनी वाचा, आणि बाबा, या रविवारी फोन आईकडे देऊ नका.

तुमचा,
थोरला

ता. क. काळा मसाला संपत आलाय. पुढच्या महिन्यात मंडळीतलं कोणी इकडे येणार असेल तर अर्धा किलो द्या. बाबा, तोलून द्या. मागच्या वेळी आईने अंदाजाने भरला आणि विमानतळावर बॅग उघडावी लागली.