‘एकदा पाहायला हरकत नाही’ म्हणजे नेमके कोणी पाहायचे?

महोदय,

आपल्या दैनिकाच्या शुक्रवारच्या पुरवणीत नवे चित्रपट, मालिका आणि पुस्तके यांची जी ओळख करून दिली जाते, ती मी कित्येक वर्षे नेमाने वाचत आले आहे. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी ‘ब’ वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयात मी २६ वर्षे ग्रंथपाल होते, आणि ‘काहीतरी चांगलं द्या हो’ या एकाच वाक्याला दिवसातून दहा-बारा वेळा उत्तर देण्यात माझी सारी नोकरी सरली. शिफारस करणे हे काम वाटते तितके सोपे नाही, हे त्यामुळे मला ठाऊक आहे. आणि म्हणूनच आपल्या समीक्षकांच्या एका लाडक्या वाक्याविषयी चार शब्द लिहिण्याचे धाडस करते. ते वाक्य म्हणजे ‘एकदा पाहायला हरकत नाही’. त्याच्या शेजारी बहुधा तीन तारे असतात, क्वचित साडेतीन.

हरकत नाही, हे मान्य. पण कोणाला? आमच्या गावातून सर्वांत जवळचा मल्टिप्लेक्स ३८ किलोमीटरवर आहे. एसटीचे जाण्या-येण्याचे भाडे, तिकीट आणि मध्यंतरातला चहा धरला, तर दोन माणसांच्या ‘एकदा पाहण्या’चा हिशेब बराच होतो, आणि अख्खा दिवस जातो तो निराळाच. हा चित्रपट माझ्यासाठी आहे की नाही, एवढेच मला परीक्षणातून कळून घ्यायचे असते. ते सोडून बाकी सारे त्यात असते: कथानकाचा तीन चतुर्थांश भाग, छायाचित्रण ‘नेत्रसुखद’ असल्याची ग्वाही आणि संकलकाने अजून थोडी कात्री चालवायला हवी होती, हा सल्ला.

गेल्या वर्षी मार्चमध्ये ‘स्थळ’ प्रदर्शित झाला, तेव्हाची गोष्ट सांगते. जयंत दिगंबर सोमलकर यांचा हा चित्रपट २०२३ च्या सप्टेंबरमध्ये टोरंटोच्या महोत्सवात दाखवला गेला, तिथे त्याला आशियाई चित्रपटांसाठीचा ‘नेटपॅक’ पुरस्कार मिळाला, आणि आपल्याकडच्या पडद्यावर तो आला ७ मार्च २०२५ रोजी, म्हणजे सुमारे दीड वर्षाने. शुक्रवारी परीक्षण वाचले आणि रविवारी आम्ही तिघी मैत्रिणी जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचलो. दिवसातला एकच खेळ होता, सकाळी अकराचा. तिकिटे पुरेशी गेली नाहीत म्हणून तो रद्द झाल्याचे खिडकीवर समजले, आणि ‘दुसरा कोणता देऊ?’ असे त्या मुलाने अगदी सौजन्याने विचारले. (मराठी चित्रपटांना खेळ मिळावेत यासाठी राज्यात नियम आहेत, त्यांचे काय होते, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.) पुढच्या आठवड्यात मुलीकडे पुण्याला गेले होते, तिथे तो पाहायला मिळाला.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावात घडणारा हा चित्रपट. कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी सविता हिला पुढे शिकायचे आहे आणि घरच्यांना तिचे लग्न उरकायचे आहे. पाहुणे येतात, मुलगी खाली मान घालून बसते, नाव, शिक्षण, उंची, आवडीनिवडी असे तेच ते प्रश्न होतात. आणि हे एकदा नाही, पुन्हा पुन्हा होते. दुसऱ्या वेळी प्रेक्षागृहात हसू येते, तिसऱ्या वेळी ते जरा कमी होते आणि त्यानंतर कोणी हसत नाही. माझ्या शेजारी साठीच्या एक बाई बसल्या होत्या. पाहुण्यांचा प्रश्न पडद्यावर येण्याआधीच त्या तो पुटपुटत होत्या. परीक्षणात ‘प्रसंगांची पुनरावृत्ती टाळता आली असती’ असे वाक्य होते. पुनरावृत्ती हाच या चित्रपटाचा कणा आहे. ‘लग्नाळू मुलगी असलेल्या प्रत्येक बापाने हा पाहावा, आणि मुलीला सोबत घेऊन पाहावा’ एवढे एक वाक्य त्या जागी असते, तर आमच्या गावातून निदान पाच-सहा घरे निघाली असती.

दुसरी अडचण शुक्रवारची. १२ सप्टेंबर २०२५ या एकाच दिवशी ‘दशावतार’, ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’ असे तीन मराठी चित्रपट लागले. ‘दशावतार’ला दिलीप प्रभावळकरांच्या नावाने आणि कोकणाच्या ओढीने गर्दी झाली, ती योग्यच झाली, वयाच्या ८१ व्या वर्षी हा माणूस चित्रपट खांद्यावर घेऊन चालतो, हे पाहण्यासारखे आहे. पण त्याची शिफारस करण्याची खरोखरीच गरज नव्हती, शेजारपाजारच्यांनीच ती केली. गरज होती ती पुढच्या शुक्रवारी, १९ तारखेला आलेल्या ‘साबर बोंडं’ला. रोहन परशुराम कानवडे यांच्या या चित्रपटाला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपटांच्या विभागातला सर्वोच्च ज्युरी पुरस्कार मिळाला होता. वृत्तपत्रांतून आम्हांला तो पुरस्कार तेवढा समजला; चित्रपट कशाविषयी आहे, हे सांगताना लेखण्या अडखळल्या. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला तिशीतला मुलगा, त्याचा शेती करणारा बालमित्र आणि त्या दोघांचे एकमेकांवरचे प्रेम, हे सरळ मराठीत लिहिता येते. लिहायला हवे होते, कारण ज्यांना हा विषय नको असेल ते जाणार नाहीत आणि ज्यांना हवा आहे, ते कदाचित पहिल्यांदाच जातील. त्यातली आई मला फार आवडली. ‘याचं लग्न कधी?’ म्हणून नातेवाईक चहुबाजूंनी विचारत असताना मुलाला न दुखावता आणि भावकीशी न भांडता ती जशी वेळ मारून नेते, तशा बाया मी पाहिल्या आहेत. ज्यांना संथ चित्रपटांचा कंटाळा येतो त्यांनी मात्र हा टाळावा, हेही मी तितक्याच मोकळेपणाने सांगेन.

पुस्तकांच्या बाबतीत घाई थोडी कमी असते, पण गंमत तीच. कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ ही कादंबरी आमच्या ग्रंथालयात बरीच वर्षे होती, आणि तिच्या मागच्या पानावरच्या चिठ्ठीवर तारखेचे मोजून चार शिक्के होते. २०२३ च्या डिसेंबरात तिला साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि एकदम नऊ जणांनी नाव नोंदवले. त्यातल्या निम्म्यांनी ती आठ दिवसांत परत आणून दिली. पन्हाळ्याकडची बोली, दाट निवेदन आणि मध्ये दम खायला जागा नाही. ‘पुरस्कारप्राप्त’ या एका शब्दाच्या भरवशावर नेलेल्या वाचकाचे तिथे काय होणार? मग मी ती आमच्याकडे पुनर्वसित गावठाणातून येणाऱ्या एका आजोबांच्या हातात ठेवली आणि एवढेच सांगितले की, धरणाने उठवलेल्या माणसांची ही गोष्ट आहे, मागे राहून रानटी झालेली एक म्हैस आहे आणि तिला आणायला एक जण परत जातो. आजोबांना पुस्तक संपवायला दोन महिने लागले. परत देताना ते म्हणाले, ‘आमची पण एक गाय राहिली होती वरच्या अंगाला.’ त्यापुढे ते काही बोलले नाहीत आणि मीही विचारले नाही. पुस्तक योग्य माणसाकडे गेले, याची इतकी पक्की पावती मला नोकरीत क्वचितच मिळाली.

मालिकांविषयी मी फारसे लिहीत नाही, कारण रात्री आठच्या मालिकांना शिफारस लागत नाही, रिमोट पुरतो. ओटीटीवरच्या मालिकांना मात्र ती लागते. आशिष बेंडे यांनी दिग्दर्शित केलेली ‘मानवत मर्डर्स’ सरस आहे, परभणी जिल्ह्यातला १९७० च्या दशकातला काळ तिने नीट उभा केला आहे. पण तिच्यात लहान मुलींच्या हत्या आहेत, आणि हे न सांगता ‘खिळवून ठेवणारी’ एवढेच लिहिणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. आमच्या शेजारणीने ती नातीला शेजारी बसवून लावली होती.

आणि आपल्या पुरवणीत कधीच न येणारी गोष्ट म्हणजे व्हिडिओ गेम. ‘मुलांच्या हातातला मोबाइल काढून घ्या’ असे लेख येतात, पण मोबाइलवर वा संगणकावर नेमके काय खेळण्याजोगे आहे, हे कोणी सांगत नाही. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ आणला. धाकट्या भावाला शोधायला निघालेली एक मुलगी, तिची गोष्ट सांगणारे दुर्गा आणि विष्णू, मधूनमधून येणारी छायाबाहुल्यांची दृश्ये. माझ्या नातवाने तो सुट्टीत संपवला आणि त्या बाहुल्या पाहताना मला सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या बाहुल्यांच्या खेळांची आठवण झाली. लढायांचा भाग मला समजला नाही, तो ‘जरा तेच तेच होतं’ असे नातूच म्हणाला. पुण्यात तयार झालेल्या अशा खेळाची चार ओळींची ओळख मराठी वृत्तपत्रात आली, तर कोणता खेळ घेऊन द्यावा याचा अंदाज आजी-आजोबांना येईल.

माझी विनंती अशी की, परीक्षण शुक्रवारी जरूर छापावे, पण त्याच चित्रपटाविषयी दोन ओळी तिसऱ्या आठवड्यातही याव्यात: अजून कुठे, किती वाजता लागला आहे, आणि तो कोणासाठी आहे. मागच्या महिन्यात निसटलेले चित्रपट आणि जुनी असूनही आता मिळणारी पुस्तके यांना एक चौकट द्यावी. त्यासाठी जागा अपुरी पडत असेल, तर तारे काढून टाकावेत. त्या पाच ताऱ्यांच्या जागेत सकाळी अकराच्या खेळाची वेळ सहज बसते.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल, जि. सातारा