कोकराला शिंगे कुठून?

पुणे, रविवार, रात्र

प्रिय नाना,

सप्रेम सलाम.

तुझ्या दोन पत्रांना उत्तर न देता तिसऱ्याची वाट पाहत बसलो, हा माझा अपराध मला मान्य आहे. प्रकृती ठीक, गुडघा आहे तसाच आहे. पण आज सकाळी चर्चमधल्या मुलांच्या शब्बाथ शाळेत जे घडले ते तुझ्याखेरीज कोणाला सांगितले, तर तो मला चहा पाजून मुकाट्याने घरी पाठवील.

मुलांसाठी सोप्या मराठीत बायबलातल्या गोष्टींची पुस्तिका करत होतो, हे तुला ठाऊकच आहे. ती छापून आली. आज चौथीतली एक मुलगी अब्राहाम आणि इसहाक यांची, म्हणजे देवाच्या आज्ञेवरून बाप मुलाचा बळी द्यायला निघतो आणि ऐनवेळी त्याच्या जागी जनावर मिळते ती, गोष्ट मोठ्याने वाचत होती. 'झुडपात शिंगे अडकलेले कोकरू' इथवर आली, थांबली आणि म्हणाली, "कोकराची शिंगे झुडपात अडकण्याएवढी मोठी असतात का?" तिचे आजोळ माणदेशात, त्यामुळे मेंढरे तिने आपल्या दोघांपेक्षा जास्त पाहिली आहेत. मी गप्प राहिलो, तेव्हा तिनेच माझी सुटका केली, "मग तो मेंढा असेल."

मेंढाच होता, नाना. आपल्या शास्त्रात, उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या 22 व्या अध्यायात इसहाक विचारतो कोकराबद्दल, बाप उत्तर देतो कोकराचेच, आणि तेराव्या वचनात झुडपात अडकलेला दिसतो तो एडका. 'एडका' मुलांना कळणार नाही, शिवाय एकाच गोष्टीत दोन शब्द कशाला, असे म्हणून मी आठव्या वचनातले कोकरू उचलून तेराव्यात नेऊन ठेवले. 'मेंढा' हा साधा, रोजचा शब्द हाताशी असताना तो मला सुचला नाही, याची लाज वेगळीच.

कोकरू म्हणजे वर्षाच्या आतबाहेरचे मेंढीचे पिल्लू, मग ते नर असो की मादी. एडका म्हणजे पुरा वाढलेला, खच्ची न केलेला नर. कळपाची पैदास त्याच्यावर चालते आणि तो टक्कर देतो. एकनाथांनी भारुडात मदनाला एडका केले आणि त्याच्याकडून शंकरालाही धडक मारवली. तिथे कोकरू घालून पाहा, भारुड जागच्या जागी बसेल. मूळ हिब्रूत तर अंतर आणखी आहे. इसहाकाच्या तोंडचा 'से' हा शब्द मेंढरू असो की शेरडू, कळपातल्या कोणत्याही एका जनावराला चालतो. म्हणूनच वल्हांडण या यहुदी सणाच्या बळीच्या नियमात, निर्गमाच्या 12 व्या अध्यायात, ते मेंढरांतून घ्या किंवा शेरडांतून घ्या, अशी मुभा आहे. झुडपातला मात्र 'आयिल', म्हणजे एडकाच, तिथे मुभा नाही. आणि 'कर' या तिसऱ्या शब्दाची आठवण तू काढण्याआधी मीच काढतो: त्याचा अर्थ कोकरूही होतो आणि तटबंदी फोडायचे धडक-यंत्रही. यहेज्केलाच्या चौथ्या अध्यायाचे भाषांतर करताना विटेवर कोरलेल्या यरुशलेमेभोवती मी यंत्रांऐवजी कोकरे उभी केली होती, आणि सरांनी मला महिनाभर 'मेंढपाळ' म्हणून हाक मारली होती.

पण माझी खरी टोचणी शिंगांची नाही. मी दोन्हीकडे कोकरू घातल्यामुळे बापाचे उत्तर पाच वचनांत खरे ठरून मोकळे झाले. मुळात ते तसे मोकळे होत नाही. "देव कोकरू पाहून देईल" असे अब्राहाम म्हणतो, आणि मिळतो एडका. मागितलेले कोकरू त्या डोंगरावर येतच नाही. आपल्या वाचनाप्रमाणे ते उत्तर योहानाच्या पहिल्या अध्यायापर्यंत, येशूला 'देवाचा कोकरा' म्हटले जाते तिथपर्यंत, थकीत राहते. शिवाय हिब्रू वाक्याच्या शेवटी 'माझ्या मुला' असे शब्द आहेत. ते हाक म्हणून वाचले तर बाप मुलाची समजूत काढतो आहे, आणि कोकराला जोडून वाचले तर कोकरू म्हणजे तो मुलगाच. मग पिल्लू बचावले आणि त्याच्या जागी जाणता नर गेला, असा अर्थ निघतो. कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी लोकांनी, जे आपल्यासारखेच मराठी बोलतात, तो एडकाच लक्षात ठेवला आहे: रोश हशानाला, म्हणजे यहुदी नववर्षाला, सिनेगॉगमध्ये शोफार हे रणशिंग फुंकतात ते एडक्याच्या शिंगाचे. माझी पुस्तिका वाचणाऱ्या मुलाला ते शिंग कुठून आले हे कधीच कळणार नाही.

तू माझ्या बचावासाठी बायबलातल्या शेवटच्या पुस्तकाचा, प्रकटीकरणाचा, पाचवा अध्याय काढशील, तिथल्या कोकराला सात शिंगे आहेत म्हणून. मला तो बचाव नको. सिंह येणार असे ऐकून योहान पाहतो तर समोर कोकरा, आणि त्याला शिंगे. कोकराला ती नसायची म्हणून तर वाचणारा दचकतो.

तुला 'देवाचा कोकरा' या शब्दांवरचा आपला वाद आठवतो ना? कोकरू नपुंसकलिंगी आहे, व्याकरण पाळा, असे मी म्हणालो होतो, आणि तिथे प्राण्याबद्दल नव्हे, व्यक्तीबद्दल बोलणे चालले आहे, असे तू. त्यावरून आपण सहा महिने बोललो नाही. तू बरोबर होतास. हे वाक्य जपून ठेव, पुन्हा लिहिणार नाही. लेवीयाच्या पाचव्या अध्यायात दोषार्पणाला, म्हणजे चुकीच्या भरपाईच्या बळीला, एडकाच लागतो, तेव्हा हे पत्र त्याच्या जागी धर.

धाकटीचा बारावीचा निकाल लागला का? वहिनींना बदलीचे गाव मानवले का? आईच्या मोतीबिंदूचे काय झाले ते सविस्तर लिही. मी विचारायचे विसरतो, पण काळजी असते.

उरलेल्या दीडशे प्रतींत मी रोज रात्री वीस-वीस करून 'कोकरू' खोडून 'मेंढा' लिहितो आहे. सोबत एक प्रत पाठवतो. तीत तेराव्या वचनाची जागा खोडून कोरी ठेवली आहे. 'एडका' लिहायचा की 'मेंढा', ते तू ठरव, पण पेन्सिलीने लिही.

तुझा,
मेंढपाळ