आधी क्लॅम्प घे, मशीन नंतर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं, सोबतची घ्यायच्या सामानाची यादीही दोनदा वाचली. मागची खोली रिकामी करून तू वर्कशॉप करतोयस हे वाचून फार आनंद झाला, किती वर्षं नुसतं बोलत होतास. यादीत अँगल ग्राइंडर आहे, हॅमर ड्रिल आहे, जिगसॉ, सँडर, सर्क्युलर सॉ सगळं आहे. पण काम टेबलाला आवळायला क्लॅम्प एकही नाही, जबड्यात पकडायला व्हाइस नाही, डोळ्यांना चष्मासुद्धा नाही. ते बघून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहायला बसलोय, फोनवर अर्धं सांगायचं राहून जातं.

माझ्या डाव्या तळव्यावरचा व्रण तू पाहिलायस. पत्रा लागला एवढंच तेव्हा सांगितलं होतं, आज सगळं सांगतो. तळहाताएवढी पत्र्याची पट्टी होती, जाडी जेमतेम १ मिमी, तिला ८ मिमीचं एक भोक पाडायचं होतं. एकच भोक, त्यासाठी कुठे क्लॅम्प लावत बसायचं म्हणून पट्टी डाव्या हातात धरली, खाली लाकडाचा तुकडा, उजव्या हातात ड्रिल. सुरुवात छान झाली, चकचकीत बारीक वळ्या बाहेर येत होत्या, आणि आता पार जाणार तेवढ्यात बिट अडकलं. पातळ पत्र्यात नेमकं हेच होतं, बिटचं टोक खालून बाहेर पडतं आणि त्याच्या धारा भोकाच्या कडेला चावतात, पत्रा स्क्रूवर चढावा तसा बिटवर चढतो आणि ड्रिलबरोबर गरगर फिरायला लागतो. ड्रिल मिनिटाला १००० फेऱ्यांवर असलं तरी सेकंदाला सोळा फेऱ्या होतात रे, खटका सोडायचं मनात येईपर्यंत पट्टीचा कोपरा तळव्यातून दोन-तीनदा फिरून गेला होता. पाच टाके पडले आणि महिनाभर मूठ वळत नव्हती.

मी यावर खूप विचार केला. ड्रिल चांगलं होतं, बिट नवं होतं, त्यांचा काही दोष नव्हता. काम धरायला काही नव्हतं म्हणून ते मी हाताने धरलं, बास. तीच पट्टी लाकडाच्या दोन तुकड्यांत दाबून क्लॅम्पने टेबलाला आवळली असती तर बिट अडकलं तरी फार तर ड्रिलला हिसका बसला असता, आणि भोकही गोल पडलं असतं, पातळ पत्र्याला नुसतं भोक पाडलं की ते तिकोनी होतं तसं न होता. म्हणून तुझ्या यादीच्या अगदी वर काय हवं ते लिहितो. एक बेंच व्हाइस, जबडा ४ इंची पुरे, आणि निदान चार क्लॅम्प, दोन मोठे दोन छोटे. व्हाइस टेबलाला आरपार नटबोल्टने बसव, लाकडाच्या स्क्रूने नको, जोर लावला की ते उपटून येतात. आणि टेबल जड हवं. करवत चालवताना टेबल हलत असेल तर तू कितीही महागडी करवत आण, काप वाकडाच जाणार.

त्यानंतर हाताची हत्यारं. मशीन घ्यायच्या आधी दोन महिने नुसत्या हत्यारांवर काम कर असं मी मनापासून सांगेन. हाताने कापताना लाकूड कुठे फाटतं, रेषा कुठली, लोखंड कुठे चावतं हे कळतं, आणि ते कळलं की मशीनवर हात आपोआप शहाणा होतो. हातोडी, पक्कड, डबल पाने आणि रिंग पाने, एक हॅकसॉ, एक लाकडाची करवत, दोन पटाश्या, दोन कानशी, गुण्या, टेप, सेंटर पंच एवढ्यात घरातली बहुतेक कामं होतात. कानस घेशील तिला मूठ बसवूनच घे, बिनमुठीच्या कानशीचं शेपूट तळव्यात घुसतं. हॅकसॉचं पातं लावताना दातांची टोकं पुढच्या बाजूला हवीत, आणि पातळ नळी किंवा पत्रा असेल तर इंचाला ३२ दातांचं पातं घे, जाड कामाला १८ किंवा २४, कारण जाडीवर एका वेळी निदान तीन दात टेकायला हवेत नाहीतर दात मोडतात. पाना शक्यतो स्वतःकडे ओढायचा, ढकलायचा नाही, निसटला तर बोटांची हाडं समोरच्या लोखंडावर आपटतात.

पटाशीबद्दल एक गोष्ट. बोथट पटाशी सेफ असं लोकांना वाटतं, ते साफ चुकीचं आहे. धार नसली की जोर जास्त लावावा लागतो, आणि जोर जास्त असताना पटाशी सटकली की ती थांबत नाही. म्हणून पटाशी घेशील त्याच दिवशी धारेचा दगड पण घे. आणि दोन्ही हात कायम धारेच्या मागे ठेवायचे, कामाचा तुकडा डाव्या हाताने पुढून धरायचा मोह होतो तो आवरायचा, परत तीच गोष्ट, क्लॅम्प लाव.

पैसे कुठे घालायचे असं विचारलंयस. माझं मत सांगतो, जे कामाला टेकतं त्यावर खर्च कर. बिट, पाती, स्क्रूड्रायव्हरची टोकं. साधं ड्रिल आणि चांगलं बिट चालतं, भारी ड्रिल आणि भंगार बिट अजिबात नाही. शंभर नगांचे मोठे सेट घेऊ नकोस, त्यातले दहा वापरशील आणि तेच दहा सगळ्यात आधी झिजतील. एखादं मशीन पहिल्यांदा लागलं तर मागून आण, तिसऱ्यांदा मागायची वेळ आली की विकत घे. जुना व्हाइस, जुना रंधा मिळाला तर डोळे मिटून घे, गंज काढला की आयुष्यभर टिकतात. पण जुना ग्राइंडर, तोही गार्ड, म्हणजे डिस्कवरचं झाकण, काढलेला, फुकट दिला तरी घेऊ नकोस.

ग्राइंडरवर आलोच आहे तर तेही सांगतो, कारण तुझ्या यादीत तो पहिल्या नंबरवर आहे आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. ४ इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेऱ्या मारतो, मी हिशोब केला, डिस्कची कड ताशी २०० किलोमीटरच्या वर पळत असते. अशी डिस्क फुटली तर तुकडे कुठे जातील ते तूच बघ. म्हणून गार्ड कधीच काढायचा नाही, मोठी डिस्क बसावी म्हणून तर मुळीच नाही. डिस्कवर छापलेल्या फेऱ्या मशीनच्या फेऱ्यांएवढ्या किंवा त्याहून जास्त हव्यात. मधल्या धातूच्या रिंगवर मुदतीची तारीख असते ती वाच, जुनी किंवा खाली पडलेली डिस्क टाकून दे. नवी डिस्क लावली की काम न करता एक मिनिट तशीच फिरव, स्वतः तिच्या रेषेत उभा न राहता. कापायच्या डिस्कने बाजूने घासायचं नाही, ती आडवा दाब सोसत नाही. लाकडाचं दातेरी पातं ग्राइंडरला लावलेलं पाहशील कुठेतरी, ते तू कधीही करू नकोस, हात जोडून सांगतो. दोन्ही हातांनी धर, चष्मा आणि वरून फेस शील्ड, आणि डिस्क बदलताना नुसता खटका बंद नाही, प्लगच काढ.

हातमोज्यांचं बघ. ड्रिल प्रेस, म्हणजे स्टँडवर बसवलेलं ड्रिल, अशा मशीनसमोर उभा असशील तेव्हा हातमोजे घालायचे नाहीत, बिटमध्ये कापड अडकलं की हातही ओढला जातो. लांब बाह्या, गळ्यातली चेन, अंगठी यांचंही तेच.

कानांकडे कोणी लक्ष देत नाही. ८५ डेसिबलला आठ तास ठीक धरतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं, आणि ग्राइंडर लोखंड कापताना सहज तिथपर्यंत जातो. इअरमफ घे. लाकडाच्या धुळीला कॅन्सर संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९५ मध्येच माणसात कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत टाकलंय, तेव्हा सँडर चालवताना एन९५ मास्क हवाच, आणि भुसा पडलेल्या जागी ग्राइंडरच्या ठिणग्या उडवू नकोस, भुसा आतल्या आत धुमसतो आणि तास-दोन तासांनी पेटतो. पॉलिशला जवसाचं तेल वापरशील तर ते पुसलेलं फडकं गोळा करून डब्यात कोंबू नकोस, वाळताना ते स्वतःच तापतं आणि पेटूही शकतं, बाहेर मोकळं पसरून वाळव.

वीज एकदा इलेक्ट्रिशियनकडून बघून घे, खोलीच्या लाइनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लाइन लगेच तोडणारा स्विच, बसव. एक्स्टेंशनची केबल गुंडाळलेली ठेवून मशीन चालवलं की ती आतून तापते, पूर्ण उलगडून वापर.

आता एक काम कर. सरळ उभा राहा, हात कोपरात वाक आणि जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजून मला कळव. व्हाइसच्या जबड्याची वरची कड तिथे यायला हवी, म्हणजे कानस घासताना कंबर वाकणार नाही. त्यावरून टेबल किती उंच करायचं ते ठरवू. तू उजवा आहेस म्हणून व्हाइस टेबलाच्या डाव्या टोकाला, अगदी टेबलाच्या पायावरच लावू, मधे लावला की टेबल थरथरतं. मोठे दोन क्लॅम्प माझ्याकडे जास्तीचे आहेत, ते येताना घेऊन येतो, तोपर्यंत ड्रिल आणलंस तरी त्याचा बॉक्स उघडू नकोस.

तुझाच,
जुना मित्र